कोल्हापूरला रोज जाऊन-येऊन करायचंय? आधी संध्याकाळची गाडी बघा

कोल्हापुरात नोकरी लागली किंवा कॉलेजला प्रवेश मिळाला की घरात पहिला प्रश्न निघतो, "जायचं कसं?" खरं तर आधी विचारायचं ते "परत यायचं कसं?" सकाळी सातला इचलकरंजी, कागल, वडगाव, जयसिंगपूर कुठंही रस्त्यावर उभं राहा, कोल्हापूरकडे तोंड केलेलं काही ना काही मिळतंच. संध्याकाळचं तसं नाही. साडेपाच-सहाला स्टँडवर पाय ठेवायला जागा नसते, आणि आठनंतर मुरगूड, गारगोटी, गगनबावडा या बाजूंच्या गाड्या विरळ होत जातात. म्हणून निवड करताना उलटीकडून सुरुवात करा. कामावरून सुटायची वेळ काय, त्यात महिन्यातून किती दिवस उशीर होणार, आणि त्या उशिराच्या दिवशी घरी न्यायला काय आहे, हे आधी लिहून काढा. तुमची शेवटची सोयीची गाडी सुटायच्या वेळेच्या तासभर आधी तुम्ही मोकळे होत नसाल, तर ते साधन रोजचं म्हणून धरू नका. ती एक गाडी रद्द झाली की रिक्षाभाड्यात आठवड्याची बचत जाते.

दारापासून दारापर्यंत मोजा

"इचलकरंजी-कोल्हापूर एक तास" हे अर्धं गणित झालं. घर ते स्टँड, स्टँडवरची वाट, गाडीतला वेळ आणि उतरल्यावरचा शेवटचा टप्पा हे चारही वेगळे लिहा, आठवडाभर, जाताना आणि येताना. सरासरीवर जाऊ नका, त्यातला सगळ्यात वाईट दिवस बघा. कामावर हजेरी लागते ती त्या दिवसाच्या हिशेबाने.

शेवटच्या टप्प्यातच बहुतेकांचा अंदाज चुकतो. मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन एकमेकांपासून चालत दहा मिनिटांवर आहेत. शाहूपुरी, लक्ष्मीपुरी, स्टेशन रोडला काम असेल तर प्रश्नच नाही. राजारामपुरी परीख पुलाखालून चालत गाठता येते, पण जोराचा पाऊस झाला की त्या पुलाखाली पाणी साठतं, त्या दिवसाला दुसरा रस्ता माहीत हवा. कलेक्टर ऑफिस, नागाळा पार्क भागात चालत पंधरा-वीस मिनिटं. सीपीआर (सरकारी दवाखाना), दसरा चौक, आणि सीपीआरसमोर ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेलं हायकोर्टाचं सर्किट बेंच यासाठी आणखी थोडी जास्त. कसबा बावडा, विद्यापीठ, कळंबा, फुलेवाडी इथं मात्र दुसरं वाहन आलंच, मग ती केएमटी (महापालिकेची शहर बस) असो वा रिक्षा. रिक्षा रोज दोन वेळा धरली तर एसटीचा पास काढून वाचवलेले पैसे तिथंच जातात.

गाडी शहरात कुठून शिरते हेही बघा. पुणे, वडगाव, हातकणंगले, इचलकरंजीकडची गाडी तावडे हॉटेलच्या चौकावरून कावळा नाक्याला येते. ताराबाई पार्क किंवा मार्केट यार्डच्या बाजूला जाणाऱ्यांनी स्टँडपर्यंत जायचं कारण नाही. नाक्यावर अर्धी गाडी रिकामी होते ती त्यामुळेच. कागलकडची गाडी सहसा शाहू नाक्याच्या बाजूने आत येते, विद्यापीठवाल्यांना ते सोयीचं. राधानगरी, गारगोटी, गगनबावड्याच्या बऱ्याच गाड्या रंकाळा किंवा संभाजीनगर स्टँडवरून फिरतात, त्यामुळे परतीला मध्यवर्ती स्टँडवर जाऊन उभं राहणं म्हणजे पार दुसऱ्या टोकाला जाऊन गाडी हुकवणं. आणि काम शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत असेल तर शहरात यायचंच नाही, महामार्गावर उतरायचं. त्यासाठी साधी गाडी लागते. विनाथांबा गाडीत बसलात तर ती तुमच्या कारखान्याच्या दारावरून तुम्हाला पुढं घेऊन जाईल.

एसटी: पास काढायच्या आधी एक गुणाकार

एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्यावर चालतं. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या गाडीला टप्प्यामागे साधारण दहा रुपये धरा. टप्प्याची हद्द जिथं बदलते त्याच्या पुढच्या थांब्यावर उतरलात तर पूर्ण टप्प्याचे पैसे जातात. तुमचा थांबा हद्दीच्या जवळ असेल तर दोन्ही थांब्यांचं भाडं कंडक्टरला एकदा विचारून घ्या.

मासिक पासाचा नियम साधा आहे. २० दिवसांचं जाऊन-येऊन भाडं भरायचं आणि ३० दिवस फिरायचं. तीन महिन्यांच्या पासाला ५० दिवसांचं भाडं, प्रवास ९० दिवस. समजा एका बाजूचं भाडं ५० रुपये आहे. महिन्याला २६ दिवस जाणाऱ्याला रोजच्या तिकिटाने २,६०० लागतात, पासाने २,००० आणि तीन महिन्यांचा पास काढला तर ५,०००, म्हणजे महिन्याला १,६६७ च्या आसपास. इथवर पास बरा. पण पाच दिवसांचा आठवडा असलेल्याचे महिन्यात २२ दिवस भरतात. त्यात दोन रजा झाल्या की वीसच उरले, आणि पास व तिकीट सारखंच पडलं. गणपती-दिवाळीच्या महिन्यात तर पास अंगावर येतो. पास सुरू करायची तारीख सणाच्या सुट्ट्या संपल्यानंतरची ठेवा.

बायकांचा हिशेब वेगळा आहे आणि तो बऱ्याच घरांत कुणी मांडतच नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. वरच्याच उदाहरणात २६ दिवस रोज तिकीट काढलं तरी २५ गुणिले ५२, म्हणजे १,३०० रुपये होतात. पूर्ण भाड्यावर निघणारा २,००० चा पास त्यांनी काढायचं काहीच कारण नाही. रोजचं तिकीट काढा. ही सवलत राज्याच्या हद्दीपुरती आहे, निपाणीकडून येणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावं. विद्यार्थ्यांच्या पासाला ६६.६७ टक्के सवलत आहे, म्हणजे एक तृतीयांश भाडं भरायचं. ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं तिकीट, ७५ च्या पुढं मोफत, ओळखीचा पुरावा जवळ पाहिजे.

एसटीचा पास केएमटीत चालत नाही. एसटी महामंडळाची, केएमटी महापालिकेची, हिशेब वेगवेगळे. शहरालगतच्या गावांना, जसं गडमुडशिंगी, उचगाव, शिरोली, वडणगे, तिथं केएमटी हाच खरा पर्याय. एसटी त्या थांब्यावर भरूनच आलेली असते, हात दाखवून उपयोग नसतो.

एसटी कधी दगा देते, तेही सांगून ठेवायला हवं. आषाढी वारी, जोतिबाची चैत्र यात्रा, गणपतीत कोकणात सोडलेल्या जादा गाड्या, निवडणुका. या दिवसांत आगारातल्या गाड्या तिकडं जातात आणि तुमची ५.४०ची गाडी फलाटावर लागतच नाही. फलकावर वेळ तशीच असते. चौकशी खिडकीवर आदल्या दिवशी विचारलं तर बहुतेक वेळा सांगतात. लग्नसराईच्या मोठ्या तिथीला संध्याकाळची गाडी स्टँडवर यायच्या आधीच खिडकीतून रुमाल-पिशव्या टाकून भरलेली असते. त्या दिवशी एक गाडी सोडून दुसरी धरायची तयारी ठेवा. कॉलेज सुरू असतात तेव्हा सकाळी सात ते आठ ही वेळ पासवाल्या मुलांची. अर्धा तास अलीकडची गाडी धरली तर बसायला जागा मिळते, आणि रोज उभं राहून दोन तास काढणारा माणूस सहा महिन्यांत दुचाकी घेतोच, त्यापेक्षा ही झोप सोडलेली परवडते.

रेल्वे: रुळाजवळ राहत असाल तरच

मिरज-कोल्हापूर मार्गावर जयसिंगपूर, निमशिरगाव तमदलगे, हातकणंगले, रुकडी, वळिवडे, गुळ मार्केट आणि शेवटी श्री छत्रपती शाहू महाराज टर्मिनस अशी स्टेशनं आहेत. खर्चाच्या बाबतीत रेल्वेच्या पासाला कुणीच हात लावू शकत नाही. सेकंड क्लासचा मासिक पास काही शे रुपयांत निघतो, एसटीच्या पासाच्या कितीतरी खाली. मार्केट यार्डात काम करणाऱ्याला गुळ मार्केटला उतरता येतं, शहरात शिरावंच लागत नाही.

अडचण गाड्यांच्या संख्येची आहे. पॅसेंजर मोजक्या, आणि हा मार्ग एकेरी. समोरून एक्सप्रेस येणार असेल तर पॅसेंजर हातकणंगले किंवा रुकडीला बाजूला उभी राहते, दहा मिनिटं म्हणता वीस होतात. दहाच्या ठोक्याला हजेरी असलेल्याने ९.४० ला पोचणारी गाडी धरू नये, त्याआधीची धरावी. आधीची नसेल तर रेल्वे तुमच्यासाठी नाही, इतकं सरळ आहे. मासिक पास घेऊन आरक्षित डब्यात चढता येत नाही, आणि पुण्याची वंदे भारत तर सगळीच आरक्षित, तिच्याकडे बघूच नका. तिकिटाच्या रांगेत उभं राहायचं नसेल तर अनारक्षित तिकीट आणि पास रेल्वेच्या मोबाइल ॲपवर निघतो. फक्त मोबाइलची बॅटरी संपली तर टीसीपुढं दाखवायला काही उरत नाही, सकाळी चार्ज करून निघा.

इचलकरंजीला रेल्वे नाही. तिथून हातकणंगले स्टेशनपर्यंत दुचाकी आणि पुढं रेल्वे हा मार्ग नकाशावर छान दिसतो, पण दुचाकी, पार्किंग, फलाट, गाडी असे चार सांधे झाले. प्रत्येक सांध्याला पाच मिनिटं धरली तरी थेट एसटी त्याच वेळात कावळा नाक्याला येते. जयसिंगपूर आणि रुकडीच्या स्टेशनपासून चालत अंतरावर राहणाऱ्यांना मात्र रेल्वे सोडून दुसरं काही सुचवणं म्हणजे त्यांचे पैसे वाया घालवणं.

वडाप

वडाप म्हणजे माणसं गोळा करून नेणारी शेअर जीप. घाईला धावून येतं, दाराशी सोडतं, आणि एसटी नसलेल्या फाट्यावर तेच एक साधन असतं. पण सुटायची वेळ नसते, भरल्याशिवाय हलत नाही. दुसरी गोष्ट, पांढऱ्या पाटीवर काळे अंक म्हणजे खासगी गाडी. अशा गाडीत पैसे देऊन बसलेल्या प्रवाशाचा अपघाती दावा विमा कंपनी नाकारू शकते, कारण ती पॉलिसी भाड्याच्या वाहतुकीसाठी नसतेच. पिवळ्या पाटीची बघून बसा. रोजचं साधन म्हणून वडाप धरू नका, राखीव म्हणून ठेवा.

दुचाकी: स्वस्त वाटते, असते असं नाही

इचलकरंजीतून कोल्हापूरला जाऊन-येऊन साधारण ६० किलोमीटर. महिन्याचे २६ दिवस धरले तर १,५६० किलोमीटर, वर्षाला १८ हजारांच्या वर. लिटरला ५० किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरलं तर महिन्याला ३,३०० रुपये नुसते पेट्रोलचे. पुढचं बहुतेकजण धरतच नाहीत. तीन हजार किलोमीटरला ऑइल बदलायचं असेल तर ते दर दोन महिन्यांनी आलं. मागचा टायर वीस-पंचवीस हजारांवर जातो, म्हणजे वर्ष-सव्वा वर्षात एक. चेन-स्प्रॉकेट, ब्रेक शू, क्लच प्लेट, बॅटरी. किलोमीटरला रुपया बाजूला टाका, म्हणजे १,५००. एकूण ४,८०० च्या आसपास. एसटीच्या पासाहून २,८०० जास्त. ते तुम्ही वाचलेल्या वेळासाठी आणि रात्री नऊला निघता येण्याच्या मोकळिकीसाठी देताय, हे समजून द्या. काम उशिरा सुटणाऱ्याला ते पैसे वसूल आहेत. पाचला सुटणाऱ्याला नाहीत.

रोज ६० किलोमीटर जाणाऱ्या गाडीची देखभाल गावातल्या गाडीसारखी चालत नाही. चेन दर ५०० किलोमीटरला साफ करून तेल द्यायची असते, म्हणजे दर आठ-नऊ दिवसांनी, रविवारी. बोटाने मधोमध वर-खाली हलवून बघा, साधारण दोन ते तीन सेंटिमीटर खेळ हवा. जास्त ढिली असेल तर गतिरोधकावर उडते, जास्त ताणली तर बेअरिंग खाते. हवा दर आठवड्याला, थंड टायरमध्ये. एकट्यासाठी बऱ्याच १००-१२५ सीसीच्या गाड्यांना पुढं २५, मागं २८-२९ पीएसआय लागते, नक्की आकडा चेनच्या कव्हरवर किंवा पुस्तिकेत असतो. मागं रोज कुणी बसत असेल तर त्यांच्यासह दिलेला आकडा घ्या.

ऊस हंगाम सुरू झाला की, म्हणजे ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, शिरोळ, हातकणंगले, कागल, करवीर कुठल्याही रस्त्यावर संध्याकाळी सातनंतर दुचाकीचं गणित बदलतं. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागच्या ट्रॉलीचा दिवा बंद किंवा उसाच्या शेंड्यांनी झाकलेला, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. अंधारात तुम्हाला आधी दिसतो तो उसाच्या वाड्याचा (शेंड्यांचा) फिकट पिवळा ढीग, आणि तो दिसेपर्यंत अंतर वीस-पंचवीस मीटरवर आलेलं असतं. समोरून गाडीचा प्रकाश डोळ्यांत येत असेल तर तेवढंही नाही. बैलगाडी त्याहून खाली आणि त्याहून हळू. या महिन्यांत रात्री वेग ४०-४५ च्या वर नेऊ नका, काळी किंवा रंगीत काच असलेलं हेल्मेट घालू नका, आणि ट्रॉलीच्या डावीकडून तर कधीच काढू नका. वळणावर मागची ट्रॉली आत सरकते आणि रस्त्याकडेला जागा उरत नाही. पहिल्या सरीनंतर रस्त्यावर पडलेले शेंडे नि चिपाडं साबणासारखी होतात. काहीजण हे पाच महिने एसटीचा पास काढतात आणि एप्रिलला पुन्हा दुचाकी बाहेर काढतात, त्यांना शहाणं म्हणावं लागेल.

इलेक्ट्रिक स्कूटर ६० किलोमीटरच्या फेरीला चालते, पण जाहिरातीतला आकडा धरू नका. महामार्गावर साठच्या वेगाने, माणूस आणि डबा-पिशवी घेऊन त्या आकड्याच्या ६५-७० टक्के मिळाले तरी पुष्कळ. १०० लिहिलेली स्कूटर तुम्हाला घरी पोचवेल, पण तीन वर्षांनी बॅटरी थकल्यावर कदाचित नाही. कामाच्या जागी साधा १५ अँपियरचा प्लग मिळत असेल तरच छोटी बॅटरी घ्या. वीजखर्च मात्र पेट्रोलच्या पाव हिश्श्याच्या आसपास राहतो, हे खरं.

चौघांची एक गाडी

लिटरला १८ देणाऱ्या कारला त्याच अंतराचं महिन्याला ९,१०० रुपयांचं पेट्रोल लागतं. झीज-सर्व्हिस किलोमीटरला दोन रुपये धरली तर १२,२००. चौघांत ३,०५०, म्हणजे दुचाकीहून स्वस्त आणि पावसात कोरडं. मोडतं ते पैशावरून नाही, वेळेवरून. पाच मिनिटांवर थांबायचं नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा. रजेच्या दिवशीचा हिस्सा कुणी भरायचा तेही. शक्य असेल तर दर आठवड्याला गाडी बदला, मग झीज मोजायची गरजच पडत नाही आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेतल्याचा प्रश्नही येत नाही.

इस्लामपूर-पेठकडून येणाऱ्यांना किणी टोल लागतो. दुचाकीला टोल नाही. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कारसाठी फास्टॅग वार्षिक पास आहे (सुरुवातीला तो ३,००० रुपयांना होता), पण तो वर्षभर किंवा २०० फेऱ्या, यातलं जे आधी संपेल ते. महिन्याला ५२ वेळा नाका ओलांडणाऱ्याचा तो चार महिनेसुद्धा टिकत नाही. नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहत असाल तर स्थानिकांचा मासिक पास स्वस्त पडतो, नाक्यावर राहत्या पत्त्याचा पुरावा दाखवून काढा.

पावसाळ्याचा वेगळा बेत

पंचगंगेच्या कुठल्या बाजूला राहता, यावर जुलै-ऑगस्ट ठरतो. कागल, गोकुळ शिरगाव, हुपरी-पट्टणकोडोली-गडमुडशिंगी ही बाजू शहराच्या बाजूचीच, पंचगंगा ओलांडावी लागत नाही. वडगाव, हातकणंगले, इचलकरंजी, जयसिंगपूरहून मात्र शिरोलीचा पूल ओलांडावाच लागतो, आणि पन्हाळ्याहून शिवाजी पूल. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ या दोन्ही महापुरांत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन तो बंद झाला होता. २०१९ ला मिरज-कोल्हापूर रेल्वेही थांबली, त्यामुळे "रस्ता बंद तर रेल्वेने जाऊ" हा बेत त्या दिवशी चालत नाही.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज सकाळी बघा. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ धोका पातळी. पण गावरस्ते त्याच्या कितीतरी आधी जातात. बंधाऱ्यावरून वडणगे-निगवेकडे ये-जा करणाऱ्या दुचाकीवाल्यांचा रस्ता पहिल्याच दमदार पावसात पाण्याखाली जातो, मग शिवाजी पुलाचा वळसा. कसबा बावडा-शिये रस्ताही पुराच्या पाण्यात जाणारा. पन्हाळा रस्त्यावर केर्ली, गगनबावडा रस्त्यावर बालिंग्याच्या पुढं. पातळी ३५ च्या वर असेल, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत आणि पाऊस थांबलेला नाही, तर दुपारीच साहेबांना सांगून निघा. सहाला सुटून सगळ्यांबरोबर निघालात तर तावडे हॉटेललाच रांगेत अडकाल.

कोल्हापुरात रात्र काढायची वेळ आली तर जायला एक ओळखीचं घर आणि कामाच्या जागी एक जोड कपडे ठेवा. पहिल्या महिन्यात तीन महिन्यांचा पास किंवा नवी गाडी यातलं काहीही घेऊ नका. दोन आठवडे तिकिटावर एसटी, एक आठवडा दुसऱ्याची दुचाकी किंवा रेल्वे असं करून बघा, वही भरा, मग पैसे मोडा.